अस्सलबरहुकूम नक्कल

जुनी मराठी कागदपत्रे चाळणाऱ्यास ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ हा शेरा परिचयाचा असतो. मूळ कागद ज्याच्या ताब्यात आहे त्याने तो हातचा सोडावयाचा नाही. परंतु त्यातील मजकूर कानामात्रेचाही फरक न करता उतरवून द्यावयाचा, आणि ही प्रत अस्सलाप्रमाणेच आहे अशी ग्वाही वर नोंदवावयाची. आज आपण कचेऱ्यांतून ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारतो, त्याचे हे पूर्वज. कागदाच्या बाबतीत अशी ग्वाही देणे तसे सोपे. कागदाचे सत्त्व त्यातील शब्दांत असते. शाई बदलली, कागदाची जात बदलली, तरी शब्द बदलत नाहीत. यंत्राच्या बाबतीत असे म्हणता येईल काय? ज्याचे कर्ते निवर्तले, ज्याचे कारखाने मोडले, ज्याचे सुटे भाग बाजारातून नाहीसे झाले, अशा यंत्राची कोणी घरी बसून, मूळ नकाशा समोर ठेवून, नक्कल केली, तर तिच्यावर कोणता शेरा मारावा?

हा प्रश्न केवळ तार्किक नाही. जगात निरनिराळ्या ठिकाणी कित्येक हौशी माणसे आपापल्या घरच्या टेबलावर, हाती डाखाची तार घेऊन, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे एक लहानसे यंत्र पुन्हा बांधीत असतात. ते यंत्र म्हणजे ध्वनिमुद्रणालयातील मायक्रोफोनचा पूर्ववर्धक; धंद्यातील माणसे ज्याला ‘प्रीअँप’ म्हणतात तो. त्याचा इतिहास थोडक्यात सांगावा, आणि त्यातून वरील प्रश्नावर काही उजेड पडतो का ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या यंत्राचे काम काय ते पाहू. बोलणाऱ्याच्या आवाजाने मायक्रोफोनचा पडदा हालतो आणि त्यातून वीज निघते. पण ती फारच क्षीण. साध्या बोलण्याने वेटोळ्याच्या मायक्रोफोनातून व्होल्टचा हजारावा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. उलट तोच आवाज टेपवर उमटवावयाचा, किंवा लांबच्या प्रक्षेपण केंद्राकडे तारेने धाडावयाचा, तर पाऊण ते दीड व्होल्टचा जोर लागतो. म्हणजे हजारपट वाढ झाली पाहिजे. नुसती वाढ करणे फारसे कठीण नव्हे. कठीण आहे ते वाढवताना आपल्या पदरचे काही न मिसळणे. विजेच्या वाहकातील कण उष्णतेमुळे सतत अस्वस्थ असतात, आणि दोनशे ओहमच्या मायक्रोफोनात नुसत्या या अस्वस्थतेचीच खरखर, ऐकू येणाऱ्या सबंध पट्ट्यात मोजली तर, सुमारे पाव मायक्रोव्होल्ट भरते. ही निसर्गाने घातलेली मर्यादा. तिच्या खाली कोणत्याही कारागिराला जाता येत नाही. पूर्ववर्धक करणाऱ्याने फक्त एवढेच पाहावयाचे की त्या खरखरीत आपली भर शक्य तितकी थोडी पडावी. चांगल्या दुभाष्याप्रमाणे या यंत्राने आपले अस्तित्व विसरले जाईल असे वागावे, हीच त्याच्याकडून अपेक्षा होती. पुढे जे घडले ते नेमके या अपेक्षेच्या उलट घडले, म्हणून ती प्रथमच सांगून ठेवली.

या यंत्राच्या इतिहासातील मोठे प्रकरण १९४५ नंतरच्या जर्मनीत सुरू होते. युद्धात हरलेल्या त्या देशाची नभोवाणी दोस्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली पुन्हा उभी राहत होती. १९४८ साली कोपनहेगन येथे युरोपातील मध्यम लहरींची वाटणी झाली, ती १९५० च्या मार्चपासून अमलात आली. आणि तीत पराभूत जर्मनीच्या वाट्यास थोड्या व निकृष्ट लहरी आल्या. घरातल्या भांडणात ज्याच्या वाट्याला माजघर आले नाही त्याने परसात नवी खोली बांधावी, तसे जर्मन अभियंत्यांनी केले. त्यांनी अति-उच्च कंप्रतेच्या लहरींवर, आज ज्याला आपण ‘एफएम’ म्हणून ओळखतो त्या पद्धतीने, १९४९ पासूनच प्रक्षेपण सुरू केले. हलाखीतून निघालेल्या या वाटेचा एक अनपेक्षित लाभ झाला. मध्यम लहरींवर आवाजाचा वरचा भाग कापलाच जातो, त्यामुळे स्टुडिओतील उपकरणे थोडी मळकट असली तरी चालून जाते. नव्या लहरींवर सेकंदाला पंधरा हजार कंपनांपर्यंतचा आवाज श्रोत्याच्या घरी पोहोचू लागला, आणि स्टुडिओतील प्रत्येक दोषही त्याच्याबरोबर पोहोचू लागला. तेव्हा उपकरणे नव्याने घडवणे भाग पडले.

हँबुर्ग येथे मुख्य ठाणे असलेली, ब्रिटिश अंमलाखालील भागातील ‘नॉर्डवेस्टडॉइचर रुंडफुंक’ ही संस्था या कामात पुढे होती. १९५० च्या सुमारास तिच्या प्रयत्नांतून ‘व्ही ७२’ नावाचा पूर्ववर्धक जन्मास आला. करड्या पत्र्याची, हातात धरून उचलता येईल एवढी पेटी. आत ‘ईएफ ८०४ एस’ जातीचे दोन व्हॉल्व्ह. येणाऱ्या वाटेवर एक ट्रान्स्फॉर्मर आणि जाणाऱ्या वाटेवर दुसरा. वीजपुरवठ्याची सोयही त्याच पेटीत. वाढ ठरलेली, चौतीस डेसिबल, म्हणजे सुमारे पन्नासपट. ती वर म्हटलेल्या हजारपटीच्या मानाने थोडी वाटेल. पण जर्मन स्टुडिओंतून त्या वेळी नोयमानचा १९४९ सालचा ‘यू ४७’ आणि त्याच्यासारखे कंडेन्सर मायक्रोफोन असत, आणि ते मुळातच भरघोस वीज देत. पेटीच्या पाठीला पट्ट्यांची जोडणी होती. बिघडलेली पेटी खणातून बाहेर ओढावी, दुसरी आत सरकवावी, आणि कार्यक्रम पुढे चालू ठेवावा. फिरवावयाची खुंटी नाही, कमीजास्त करावयाची सोय नाही. ज्याला हात लावण्याचे कारण पडत नाही असे ते यंत्र होते.

या व्ही ७२ चा कारखाना कोणता? संग्राहक मंडळी पेटीवर टेलिफुंकनचे नाव शोधतात. वस्तुतः हे यंत्र टेलिफुंकनने केले, सीमेन्सने केले, टीएबीने केले, माईहाकने केले. जर्मन नभोवाणी संस्थांनी आपल्या उपकरणांची परिमाणे एका सामाईक संग्रहात नोंदून ठेवण्याची पद्धत पाडली होती. तो संग्रह त्याच्या रंगावरून ‘तपकिरी पुस्तक’ या नावाने ओळखला जाई. यंत्राची लांबी-रुंदी, वाढ, खरखरीची कमाल मर्यादा, जोडणीच्या पट्ट्यांचा क्रम, हे सारे कागदावर ठरलेले. मग पेटी कोणत्या गावच्या कारखान्यातून आली यास महत्त्व उरत नसे. किंबहुना ते उरू नये हाच सारा खटाटोप होता. अस्सल जर कोठे असेलच, तर ते त्या कागदात. कारखान्यांतून बाहेर पडली ती पहिली पेटीसुद्धा त्या कागदाची नक्कलच होती. आज लिलावात जिला ‘अस्सल’ म्हणून भरमसाट किंमत येते तिची जन्मकथा ही अशी आहे, हे कोणी फारसे ध्यानात घेत नाही.

एकासारखी एक यंत्रे निघणे शक्य झाले त्याच्या मुळाशी आणखी एक शोध आहे. १९२७ च्या ऑगस्टमध्ये हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा अमेरिकन अभियंता कामावर जाण्यासाठी हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेत बसला असता त्याला एक कल्पना सुचली, आणि जवळ दुसरा कागद नसल्यामुळे त्याने ती हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच टिपून घेतली. कल्पना अशी की वर्धकातून बाहेर पडणाऱ्या विजेचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आरंभी आणून सोडावा. म्हणजे वर्धकाने जी काही चूक केली असेल ती स्वतःच स्वतःस खोडून काढील. वाढीचा काही भाग यात खर्ची पडतो, पण बदल्यात मोठीच गोष्ट मिळते. व्हॉल्व्ह नवा आहे की जुना, त्याची जोडी जमते की नाही, यावर वाढ अवलंबून न राहता ती दोन साध्या रेझिस्टन्सच्या प्रमाणावर ठरते. लहरी कारागिराच्या जागी नियमाने चालणारा कारकून बसवावा, तसा हा बदल. व्ही ७२ ची एकसारखी वागणूक या तत्त्वावर उभी आहे. आणि आज घरी बसून नक्कल करू पाहणाऱ्याचा भरवसाही त्याच तत्त्वावर आहे. तथापि ट्रान्स्फॉर्मर, विशेषतः मायक्रोफोनकडून येणारा पहिला ट्रान्स्फॉर्मर, या स्वयंसुधारणेच्या फेऱ्याबाहेर राहतो. तो जसा असेल तसाच ऐकू येतो. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

जर्मनीतून ही कथा लंडनला जाते, आणि तेथे तिची गाठ आपल्या परिचयाच्या एका घराण्याशी पडते. ज्या तबकड्यांवर कर्ण्यापुढे कान लावून बसलेला कुत्रा असे, त्या काढणारी ग्रामोफोन कंपनी १९३१ साली कोलंबिया कंपनीशी एकत्र होऊन ‘इएमआय’ झाली. आपल्याकडे डमडमच्या कारखान्यातून निघणाऱ्या तबकड्या याच घराण्याच्या. कलकत्त्यास नेमणूक झालेल्या कित्येक मराठी माणसांनी तो कारखाना बाहेरून तरी पाहिलेला असेल. त्याच १९३१ च्या नोव्हेंबरात या कंपनीने लंडनच्या अ‍ॅबे रोडवर आपले ध्वनिमुद्रणालय उघडले. पुढे स्टिरिओचे दिवस आले तेव्हा, १९५५ साली, कंपनीने ‘रेकॉर्ड इंजिनिअरिंग डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ असे लांबलचक नावाचे एक खाते काढले. त्याच्या आद्याक्षरांवरून तेथे तयार झालेल्या मिश्रण-मेजांना ‘रेड’ म्हणू लागले. तांबड्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही. या कामी कंपनीच्या जर्मन शाखेतील, म्हणजे कोलोनच्या इलेक्ट्रोलातील, पेटर बुर्कोविट्झ यांची कल्पकता उपयोगी पडली. जर्मनीत काय उत्तम मिळते हे त्यांना ठाऊक होते. तेव्हा ‘रेड ३७’ या मेजात व्ही ७२ चाच एक भाऊबंद बसवण्यात आला. त्याचे नाव ‘व्ही ७२ एस’, वाढ चाळीस डेसिबल, म्हणजे शंभरपट. युद्ध संपून पंधरा वर्षे होतात न होतात तोच इंग्लंडचे संगीत जर्मन नभोवाणीच्या पेट्यांतून जाऊ लागले होते. १९६२ च्या जूनमध्ये लिव्हरपूलची चार पोरे प्रथम या इमारतीत आली, तेव्हा त्यांचा आवाज याच मार्गाने टेपवर गेला.

दुसऱ्याच्या पेट्यांवर किती दिवस विसंबावयाचे, हा विचार कोणत्याही मोठ्या खात्यात यावयाचाच. इएमआयने स्वतःचा पूर्ववर्धक आखला तो ‘रेड ४७’. यात ‘ईएफ ८६’ हा पेंटोड आणि त्यापुढे ‘ई ८८ सीसी’ हा जोड-ट्रायोड. वाढ चौतीस, चाळीस व शेहेचाळीस डेसिबल अशा पायऱ्यांनी बदलता येई. हा वर्धक असलेले ‘रेड ५१’ हे मेज १९६४ च्या आरंभी अ‍ॅबे रोडच्या दुसऱ्या स्टुडिओत बसले, आणि १९६८ अखेरपर्यंत बीटल्सच्या तेथील ध्वनिमुद्रणाचा मोठा भाग त्यावर झाला. घरी नक्कल करणाऱ्यांत ज्या यंत्रांना विशेष मान आहे त्यांपैकी हे एक.

अ‍ॅबे रोडवरील त्या काळची शिस्त ऐकली म्हणजे आपल्यासारख्या सरकारी माणसांना अगदी घरच्यासारखे वाटेल. तंत्रज्ञांनी पांढरे कोट घालावयाचे, सामान हालवणाऱ्यांनी तपकिरी. मायक्रोफोन ढोलापासून किती अंतरावर ठेवावा यालाही नियम. जेफ एमेरिक नावाचा अगदी तरुण ध्वनियंत्री १९६६ साली बीटल्सच्या ध्वनिमुद्रणावर नेमला गेला. त्याने मायक्रोफोन ढोलाच्या अगदी तोंडाशी नेला. मायक्रोफोनला इजा पोहोचेल म्हणून ही गोष्ट निषिद्ध होती. पुढे त्याला वरिष्ठांकडून लेखी सवलत मिळाली, आणि तीही फक्त बीटल्सच्या कामापुरती, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. नियम शिथिल करताना पुढे पायंडा पडू नये म्हणून घातलेली ही पुस्ती ज्याने वाचली असेल त्याला त्या अनामिक वरिष्ठाविषयी आपुलकीच वाटावी.

याच एमेरिकच्या कारकिर्दीत पूर्ववर्धकाच्या इतिहासाला निर्णायक वळण मिळाले. १९६८ च्या जुलैमध्ये ‘रेव्होल्यूशन’ या गाण्यासाठी जॉन लेननला गिटारचा आवाज अत्यंत कर्कश हवा होता. एमेरिकने गिटार सरळ मेजात जोडली, आणि एका पूर्ववर्धकाची वीज दुसऱ्या पूर्ववर्धकात सोडून दोघांनाही त्यांच्या शक्तीबाहेर ताणले. मेज तापून निकामी होईल की काय अशी भीती असताना हे केले. ऐकू आला तो व्हॉल्व्हांचा आक्रोश. आणि तोच जगभर लोकांना आवडला. विचार करण्याजोगी गोष्ट ही आहे. हँबुर्गच्या आणि लंडनच्या अभियंत्यांनी जो दोष घालवण्यासाठी वीस वर्षे खर्ची घातली, तोच आता मुद्दाम मागून घेण्यात आला. हा दोष सौम्य प्रमाणात असला तर त्यास ‘रंग’ म्हणू लागले. व्हॉल्व्ह थोडा ताणला की मूळ स्वराच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे उपस्वर त्यात मिसळतात. ट्रान्स्फॉर्मरचा गाभा खर्जाच्या जोराने भरला की खर्ज किंचित जाड होतो. आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आपण जी जवारी काढतो, तीही काटेकोर दृष्टीने पाहिले तर तारेच्या निर्मळ कंपनात घातलेला अडथळाच होय. फरक एवढाच की तंबोऱ्याच्या कारागिराला तो अडथळा हवा असतो. व्ही ७२ च्या कर्त्यांना तो नको होता.

पुढचा इतिहास लवकर आटोपतो. अ‍ॅबे रोडच्या दुसऱ्या स्टुडिओत ट्रान्झिस्टरचे नवे मेज आले, आणि १९६९ चा ‘अ‍ॅबे रोड’ हा संग्रह त्यावर मुद्रित झाला. एमेरिकला नवा आवाज मऊ वाटला, जुना धारदारपणा गेला अशी त्याची तक्रार होती. जर्मन नभोवाणी केंद्रांतही ट्रान्झिस्टर आले आणि व्ही ७२ च्या पेट्या खणांतून बाहेर निघाल्या. इंग्लंडात रुपर्ट नीव्ह यांनी १९७० साली वेसेक्स स्टुडिओच्या मेजासाठी आखलेला ‘१०७३’ हा ट्रान्झिस्टरचा पूर्ववर्धक लोकप्रिय झाला. पण त्यानेही दोन्ही टोकांचे ट्रान्स्फॉर्मर सोडले नाहीत, आणि आज त्याच्या नकला बहुधा सर्वांत अधिक होतात. मग संगणकाचे युग आले. पूर्ववर्धक इतके निर्मळ झाले की त्यांत ऐकण्यासारखे काही उरले नाही. हँबुर्गच्या अभियंत्यांचे स्वप्न पूर्ण झाले म्हणावयाचे, आणि नेमक्या त्याच वेळी लोकांना त्यांनी टाकलेल्या पेट्यांची आठवण झाली. भंगारात गेलेला माल शोधशोधून आणला जाऊ लागला, मोठाली मेजे फोडून त्यांचे एकेक पूर्ववर्धक सुटे विकले जाऊ लागले, आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली. घरगुती नक्कल ही या महागाईची लेक आहे. परंतु नुसत्या काटकसरीने एवढा उद्योग होत नाही. त्यात जिज्ञासेचा वाटाही मोठा आहे.

नक्कल करणाऱ्याच्या हाती प्रथम नकाशा असतो. जुन्या कंपन्यांनी आपल्या यंत्रांच्या आकृत्या दुरुस्तीसाठी छापल्या होत्या, त्या टिकून आहेत. रेझिस्टन्स आणि कंडेन्सर कोणत्याही मोठ्या शहरात मिळतात. दिल्लीकरांना त्यासाठी लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटपलीकडे क्वचितच जावे लागेल. व्हॉल्व्हांचे दुर्भिक्ष्य लोक समजतात तेवढे नाही. ईएफ ८६ च्या जातीचे व्हॉल्व्ह स्लोव्हाकिया व रशिया या देशांतील कारखान्यांनी अलीकडच्या काळातही केले आहेत. व्ही ७२ मधला ईएफ ८०४ एस मात्र नव्याने होत नाही. गुणधर्मांनी तो ईएफ ८६ च्या अगदी जवळचा, फक्त त्याच्या पायांची मांडणी निराळी. म्हणून पुष्कळ जण बैठकीच्या तारा बदलून ईएफ ८६ च लावतात. येथे नक्कल अस्सलापासून पहिल्यांदा ढळते, आणि प्रामाणिक माणूस ते लपवीत नाही.

यापुढचे काम विद्वत्तेचे नसून गृहव्यवस्थेचे आहे. व्हॉल्व्हांना अडीचशे-तीनशे व्होल्टचा एकदिश दाब लागतो. वीज बंद केल्यावरही तो कंडेन्सरांत दबा धरून बसतो, आणि घाईने हात घालणाऱ्याचा जीव घेऊ शकतो. म्हणून साठा जिरवून टाकणारा रेझिस्टन्स कायमचा जोडावा, आणि मीटरने खात्री केल्याखेरीज आत बोट घालू नये. दुसरा शत्रू म्हणजे आपल्या घरच्या विजेची पन्नास कंपनांची गुणगुण. व्हॉल्व्हाचे तंतू तापवणाऱ्या तारा एकमेकींभोवती पिळून पेटीच्या कडेकडेने न्याव्या लागतात, किंवा त्यांना एकदिश वीज द्यावी लागते. अर्थिंगच्या साऱ्या तारा एकाच बिंदूशी आणाव्या लागतात. त्या दोन ठिकाणी टेकल्या की मधल्या वेढ्यात गुणगुण शिरते. विजेचा मोठा ट्रान्स्फॉर्मर आणि मायक्रोफोनचा लहान ट्रान्स्फॉर्मर यांना सासू-सुनेप्रमाणे शक्य तितके दूर ठेवावे लागते. नकाशा यांपैकी काहीही सांगत नाही. त्यात दोन बिंदू जोडणारी रेघ असते. ती तार कोणत्या बाजूने न्यावी हे तिच्यात नसते. सरकारी फायलीत निर्णय सापडतो आणि कारण सापडत नाही, तशातलाच हा प्रकार.

एवढे करून यंत्र चालू झाले, मोजमापे नकाशातील आकड्यांशी जुळली, तरी मूळ प्रश्न उरतोच: कोणत्या अस्सलाशी ताडून पाहावयाचे? कारखान्यातून १९६४ साली निघालेली पेटी आज कोठेच नाही. आज आहे ती साठ वर्षे तापून थंड झालेली पेटी. तिच्यातले रासायनिक कंडेन्सर वाळलेले, कार्बनचे रेझिस्टन्स आपल्या लिखित मूल्यापासून वर सरकलेले, व्हॉल्व्ह कितव्यांदा तरी बदललेले. एकाच मेजातल्या दोन पेट्या आता एकमेकींशी जुळत नाहीत. जे कान ‘जुन्याची गोडी’ म्हणून डोलतात त्यांना त्यातली किती गोडी कर्त्यांची आणि किती वार्धक्याची हे सांगता येत नाही. नव्या सुट्या भागांची, नकाशाला धरून केलेली घरगुती प्रत ही १९६४ च्या पेटीला आजच्या अस्सलापेक्षाही अधिक जवळची असू शकेल, असे माझे मत आहे. ते संग्राहकांना रुचणार नाही. मात्र जो कोणी नव्या पेटीवर जुन्या नावाची पाटी ठोकून ती बाजारात उभी करतो त्याच्यासाठी हा युक्तिवाद नाही. नक्कल करणे आणि खोटा दस्तऐवज करणे यांतील भेद आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही या मताला एका जागी थांबावे लागते, आणि ती जागा म्हणजे ट्रान्स्फॉर्मर. नकाशात त्याच्यासाठी दोन नागमोडी रेघा आणि मध्ये एक-दोन सरळ रेघा असतात. फार तर वेटोळ्यांचे प्रमाण लिहिलेले असते. परंतु अंगठ्याएवढ्या त्या वस्तूत निकेल व लोखंड यांच्या कोणत्या मिश्रधातूचा गाभा आहे, त्याचे पातळ पत्रे कसे रचले आहेत, तार किती बारीक, तिचे थर एकमेकांत कसे गुंफले, थरांमध्ये कागद कोणता, भोवती विजेचे आवरण कोठे गुंडाळले, यांवर आवाजाचा वरचा व खालचा काठ ठरतो. आणि वर सांगितल्याप्रमाणे ब्लॅकच्या युक्तीचा हात येथपर्यंत पोहोचत नाही. ही माहिती छापील आकृत्यांत नव्हती. ती कारखान्याच्या आतल्या कागदांत होती, आणि बरीचशी वेटोळी गुंडाळणाऱ्यांच्या हातांत होती. कारखाने विकले गेले, कागद पांगले, हात गेले. इंग्लंड-जर्मनीतील काही जुन्या वेटोळेकारांनी ही विद्या पुढे चालवली, त्यांचा माल मागवता येतो. तो उत्तम असतो, पण अर्थातच स्वस्त नसतो. कित्येकदा त्या दोन ट्रान्स्फॉर्मरांची किंमत बाकीच्या साऱ्या पेटीहून अधिक होते.

तेव्हा ज्यांना अखेरपर्यंत जावयाचे असते ते दुसरा मार्ग धरतात. एखादा अस्सल ट्रान्स्फॉर्मर आतून तार तुटून मेलेला मिळाला तर तो मिळवावयाचा. त्याचे धातूचे कवच कापावयाचे, ओतलेली लाख वा मेण उष्णतेने मऊ करावयाचे, गाभ्याचे पत्रे एकेक सोडवावयाचे. मग केसासारखी बारीक तार उलट दिशेने उकलीत न्यावयाची. प्रत्येक फेऱ्यागणिक एक आकडा, प्रत्येक थरागणिक एक रेघ. कागदाची जाडी मोजावयाची, दिशा बदलली की थांबून लिहावयाचे. फेरे हजारांनी असतात आणि तार मध्येच तुटते. हे काम एकदाच करता येते, कारण संपता संपता टेबलावर तारेचा गुंता आणि पत्र्यांची चळत एवढेच उरलेले असते, आणि शेजारी आकड्यांनी भरलेला एक कागद.